कर्ता : अज्ञात

आमच्या नोंदवहीत शाई चालत नाही.
वस्तूजवळ पेन आणायचं नाही, हा पहिला नियम;
शिसपेन्सिल, तीही मऊ टोकाची.
अकरा वर्षं मी
पुसता येईल असंच लिहीत आलेय.

नोंद ८१२. घंगाळ. तांबे.
व्यास सत्तेचाळीस सेंटिमीटर. कड्या दोन, एक सैल.
काठाखालच्या दुमडीत वाळलेला गाळ.
उजव्या अंगाला पोचा.
प्राप्ती : देणगी, शनिवार पेठ.
कर्ता : अज्ञात.

शाळेत कर्ता सापडला नाही की बाई उभं करायच्या.
इथे कर्त्यावाचून खोलीभर वाक्यं चालतात :
घडवले गेले, वापरले गेले, दिले गेले.
अडकित्ते, वज्र्या, समया, कुंकवाचे करंडे,
सगळी कर्मणी प्रयोगात गप्प बसलेली.

घरी मी तांब्याला चिंच लावते, मीठ लावते,
पाच मिनिटांत लख्ख.
इथे चिंच म्हणजे पाप.
इथे हिरवट डागही वयात धरतात,
आणि एकसष्टच्या पुराचा तो चिमूटभर गाळ,
त्याच्याभोवतीची धूळ तेवढी ब्रशनं काढून
मी जागच्या जागी ठेवलाय.
नदी परत गेली. धरण पुन्हा बांधलं.
एवढी चिमूट राहिली,
तिला वेगळा क्रमांक नाही.

मागच्या मंगळवारी तांबट आळीतून मनोहर वडके आले,
चालत, वय ब्याऐंशी, दोन्ही कानांत यंत्रं.
‘ठोक्यांनी खाल्ले,’ म्हणाले, ‘आमच्याकडे पोटाआधी कान जातात.’
त्यांना फक्त एक शब्द विचारायचा होता :
पाटीवर ‘मठार’ लिहू की ‘मठारकाम’?
मी हातमोजे पुढे केले.
त्यांनी बोटं घातली, काढली.
‘ह्याच्यातून काय कळणार?’

नियम आहे. घामात आम्ल असतं, ठसा बसतो,
आज दिसत नाही, वर्षांनी काळा होऊन वर येतो.
मी हे सगळं सांगितलं.
यंत्रं चालू होती का, ठाऊक नाही.
मग मी खिडकीपाशी गेले
आणि पडद्याची दोरी
उगाच नीट करत राहिले.

अंगठा काठावरून फिरला.
‘पोचा लिहिलात ते बरोबर. आपटलंय.
पण हे बघा, मठार उलटा चढलाय.
उजव्या हाताचा घाव असा पडतो,’
हवेत एक हातोडा उचलला गेला,
‘आणि हा असा.’
आख्ख्या आळीत डावखुरे दोन.
एक आमचे वडील.
दुसरा विष्णू पिंपळे, तो उधारी बुडवून नाशकाला गेला.

‘मग हे कुणाचं?’

त्यांनी बोटाच्या पेरानं एकदा वाजवलं
आणि तळहात काठावर ठेवून थांबले,
नाद विझेपर्यंत,
हातानं ऐकत.
‘सांगता नाही येत.’
मग जरा वेळानं :
‘वडलांचं असावं असं वाटतंय ना,
म्हणून सांगता नाही येत.’

चहा घेऊन गेले. शब्दाचं राहूनच गेलं.

संध्याकाळी कापूस काढला, स्पिरिटची बाटली काढली.
घंगाळ दिव्याखाली तिरपं धरलं :
काठावर अंगठा, तळहाताची कड,
आंघोळीला पाणी विसणताना
कुणीही टेकवला असता तसा हात.
बाटलीला झाकण लावलं.
दोष आहे, नोंद तर हवी :
‘काठावर ठसा. मनोहर वडके, तांबट आळी.
काढू नये.’

आणि वरच्या ओळीतलं ‘अज्ञात’
खोडरबरानं हलकेच पुसलं.
पुरतं गेलं नाही, कागदावर वळ राहिला.
त्याच वळावर
मऊ टोकानं लिहिलं :
डावखुरा.